नव्या कामगार संहिता आणि लहान कारखाने, दुकानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, तळवडे, चिखलीतले शेडमालक, इचलकरंजीतले मागवाले, कापडाचे आणि हार्डवेअरचे दुकानदार, आणि अधूनमधून एखादा कामगार. नोव्हेंबर २०२५ पासून या सगळ्यांचे जे प्रश्न पुन्हापुन्हा येत आहेत ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या लहान व्यवसायाला समोर ठेवून लिहिली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. कामगार संहिता म्हणजे नक्की काय? त्या खरंच लागू झाल्या का?

हो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. केंद्राचे २९ वेगवेगळे कामगार कायदे चार संहितांमध्ये एकत्र केले आहेत. वेतन संहिता २०१९ ची आहे. औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता या तिन्ही २०२० च्या. म्हणजे किमान वेतन कायदा, बोनस कायदा, कारखाने अधिनियम १९४८, ग्रॅच्युइटी कायदा ही आपल्या तोंडात बसलेली नावं आता या चारांच्या पोटात गेली. ‘सुरक्षा संहिता’ म्हणून खाली जिथे उल्लेख आहे, ती चौथी.

२. राज्याचे नियम अंतिम होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

नाही. संहिता आणि नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुप्पट दराने ओव्हरटाइम, नेमणूक पत्र, दोन दिवसांत हिशोब ही बंधनं थेट संहितेच्या कलमांत आहेत, त्यांना नियमांची वाट पाहावी लागत नाही. नियमांत ठरतं ते फॉर्म कोणता, अर्ज कुठे, मुदत किती, फी किती. तोवर जुने नियम संहितेच्या विरोधात जात नसतील तेवढ्यापुरते चालूच राहतात. म्हणून जुनी मस्टर आणि रजिस्टरं फेकू नका.

३. आमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं आहेत. मग आम्हाला काहीच लागत नाही ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर ‘लागतं’ असं आहे.

किमान वेतन एक माणूस असला तरी लागतं. पूर्वी ते ठरावीक अनुसूचित उद्योगांनाच होतं, आता सगळ्यांना आहे. पगार वेळेवर देणं, कपातीची मर्यादा, स्त्री-पुरुषांना समान वेतन, यालाही संख्येची अट नाही. कामावर कुणाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी एका कामगारापासून सुरू होते (प्रश्न १७).

दहाचा आकडा महत्त्वाचा आहे तो ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) आणि सुरक्षा संहितेच्या बहुतेक तरतुदींसाठी. वीसचा आकडा पीएफ, बोनस आणि तक्रार निवारण समितीसाठी. पण इथेही एक मोठा अपवाद आहे. काम धोकादायक किंवा जिवावर बेतणारं असेल आणि सरकारने तसं अधिसूचित केलं, तर सुरक्षा संहितेला दहाची अट उरत नाही आणि ईएसआयसी एका कामगारालाही लागू करता येते. ही तरतूद का हवी हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका लहानशा शेडला आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बाया होत्या. शेड लहान होतं म्हणून आग लहान लागली नाही.

४. कारखान्याची मर्यादा १० वरून २० झाली म्हणतात. माझ्याकडे वीज आहे आणि १४ कामगार. मी सुटलो का?

‘कारखाना’ या व्याख्येतून बाहेर पडलात, हे खरं. वीज वापरत असाल तर आता २० कामगार आणि वीज नसेल तर ४० कामगार झाले की कारखाना. पूर्वी हे आकडे १० आणि २० होते.

पण सुरक्षा संहितेत ‘आस्थापना’ नावाची दुसरी व्याख्या आहे, आणि ती दहा कामगारांपासून सुरू होते. नोंदणीचं प्रकरण दहा कामगार असलेल्या कारखान्यालाही लागू आहे असं कायद्याने मुद्दाम वेगळं लिहून ठेवलं आहे, आणि मालकाच्या कर्तव्यांचं प्रकरण अशा आस्थापनेला लागू आहे. धोका नसलेली कामाची जागा, आरोग्य तपासणी, नेमणूक पत्र आणि अपघाताची सूचना हे सगळं या कर्तव्यांच्या प्रकरणात येतं. तुमचे १४ कामगार त्यात बसतात. संहिता लागू झाल्यापासून ६० दिवसांत नोंदणीचा अर्जही करायचा असतो. आधीच्या एखाद्या केंद्रीय कायद्याखाली नोंदणी असेल तर ती जपून ठेवा आणि पोर्टलवर तपशील अद्ययावत करून घ्या.

५. संख्या मोजताना कुणाला धरायचं? बायको, भाऊ, आयटीआयची मुलं, कंत्राटदाराची माणसं?

भागीदार धरायचे नाहीत. घरचं माणूस बिनपगारी हातभार लावत असेल तर तेही नाही. पण भावाच्या नावाने पगार खर्ची टाकत असाल, तर पीएफवाले त्याला कर्मचारीच धरणार. एकाच वेळी दोन्हीचा फायदा घेता येत नाही.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ खाली करार नोंदवलेले अ‍ॅप्रेंटिस मोजणीत येत नाहीत. इथे गल्लत फार होते. ‘ट्रेनी आहे’ म्हणून मस्टरवर न घेतलेला, करार न नोंदवलेला, आणि तीन वर्षं तीच लेथ चालवणारा मुलगा अ‍ॅप्रेंटिस नसतो, तो कामगार असतो. आणि नोंदवलेल्या अ‍ॅप्रेंटिसलाही कामावर इजा झाली तर भरपाई मालकच देतो.

कंत्राटदाराची माणसं कारखान्याच्या आणि ईएसआयसीच्या संख्येत धरली जातात. कंत्राटी कामगारांचं स्वतंत्र प्रकरण मात्र आता ५० पासून लागू होतं, केंद्राच्या जुन्या कायद्यात ते २० होतं. पण कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, ही जबाबदारी संहितेत स्पष्ट आहे.

६. एकाच शेडमध्ये दोन फर्म काढल्या, प्रत्येकी नऊ माणसं. हे चालतं ना?

कागदावर दोन नावं असली म्हणून दोन आस्थापना होत नाहीत. मालकी एक, व्यवस्थापन एक, पैसा इकडून तिकडे फिरतो, एकाचा माल दुसऱ्याशिवाय पुरा होत नाही, मशिनवरची माणसं अदलून बदलून बसतात, असं दिसलं की दोन्ही मिळून एकच धरतात. मग पीएफची मागणी मागच्या काळापासून, व्याज आणि नुकसानभरपाईसकट येते. अशी थकबाकी काढण्याची चौकशी आता पाच वर्षांच्या आत सुरू करावी लागते, पण पाच वर्षांचं व्याज काय असतं ते भरलेल्याला विचारा.

आणखी एक. सामाजिक सुरक्षा संहिता एकदा लागू झाली की नंतर माणसं कमी झाली तरी ती सुटत नाही. त्यामुळे दर मार्चला दोघांना घरी बसवण्याचा काही उपयोग नाही.

७. नेमणूक पत्र जुन्या कामगारांनाही द्यायचं का? त्यात काय लिहायचं?

हो. नव्याला कामावर घेतानाच द्यायचं. जुन्यांपैकी ज्यांना कधीच मिळालं नव्हतं, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे २१ फेब्रुवारी २०२६ पर्यंत द्यायचं होतं. राहिलं असेल तर आज द्या. उशिरा दिलेलं पत्र न दिलेल्या पत्रापेक्षा कितीतरी बरं.

एक पान पुरतं. नाव, जन्मतारीख, कामाचं स्वरूप, कुशल की अर्धकुशल, रुजू तारीख, मूळ पगार आणि महागाई भत्ता, इतर भत्ते, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) आणि ईएसआयसी क्रमांक. मराठीत लिहा. माणूस वीस वर्षांपासून असेल तर रुजू तारीख वीस वर्षांपूर्वीचीच लिहा. आजची तारीख टाकून ग्रॅच्युइटी वाचवायचा सल्ला बाजारात मिळतो, तो घेऊ नका. जुन्या हजेरीच्या वह्या आणि बँकेच्या नोंदी बाहेर येतातच.

८. पन्नास टक्क्यांचा नियम उदाहरणासह सांगा.

वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि असल्यास रिटेनिंग भत्ता (काम बंद असतानाच्या काळात माणूस टिकवायला दिलेला). घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम वगैरे ठरावीक गोष्टी वेतनात धरत नाहीत. पण या वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर निम्म्यावरची रक्कम परत वेतनात मिळवायची.

समजा सुपरवायझरचा एकूण पगार ४०,००० रुपये. मूळ आणि महागाई १६,०००, घरभाडं १४,०००, प्रवास १०,०००. वगळलेली रक्कम २४,०००. निम्मे म्हणजे २०,०००. जास्तीचे ४,००० वेतनात आले, म्हणून वेतन २०,००० धरायचं. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी १६,००० वर ९२,३०८ होत होती, आता २०,००० वर १,१५,३८५ होईल (वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं).

‘स्पेशल अलाउन्स’ नावाखाली मोठी रक्कम टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. वगळायच्या यादीत त्या नावाचं काही नाही. तिला वेतनच धरून चाला.

९. मग कामगाराच्या हातात येणारा पगार कमी होणार का?

पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असाल, तर कपात १,८०० रुपयेच राहते, हातातल्या पगारात त्यामुळे फरक पडत नाही. मर्यादा न धरता पूर्ण मूळ पगारावर कापत असाल तर फरक पडेल. कामगारांना हे पगाराच्या दिवशी नाही, आधी सांगा. स्लिपवर आकडा बदललेला दिसला की संशय येतो, आणि तो वाजवी असतो.

१०. किमान वेतन किती द्यायचं? आमचं मजुरीचं काम पीसवर (नगाच्या दराने) आहे.

दर राज्य सरकार ठरवतं. उद्योग, कुशलता आणि परिमंडळ यांवर तो बदलतो. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता (महागाईप्रमाणे ठरणारा) जानेवारीत आणि जुलैत बदलतो, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. दर एकदा पाहून भिंतीला लावला आणि विसरले. केंद्र आता राष्ट्रीय पातळीवर एक तळाचा दर ठरवणार, राज्याला त्याखाली जाता येणार नाही. आणि राज्याचा दर आधीच वर असेल तर तो खाली आणता येणार नाही.

पीसवर काम देता येतं. पण तासाच्या हिशोबाने जेवढं किमान वेतन बसतं, तेवढं त्याला मिळालंच पाहिजे. मागावर सूत सारखं तुटत होतं, दुपारी तीन तास वीज गेली, मीटर कमी पडले, तर तो तोटा विणकराच्या माथी मारता येत नाही. तो माग सोडून गेलेला नव्हता, तो तिथेच उभा होता.

११. माणूस काम सोडून गेला. हिशोब कधी करायचा? उचल घेतलेली असेल तर?

दोन कामाच्या दिवसांत. राजीनामा असो, काढलेलं असो, की कारखाना बंद पडलेला असो. ‘पुढच्या महिन्याच्या पगारासोबत ये’ ही रीत आता चालणार नाही. चालू कामगाराचा महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत.

उचल वळती करता येते, पण सगळ्या कपाती मिळून एका पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नाहीत. दंड लावायचा तर तो वेतनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच, तोही आधी जाहीर केलेल्या चुकांसाठी आणि त्याचं म्हणणं ऐकून. उचलीची नोंद वहीत त्याच्या सहीने ठेवा. तोंडी उचल वाद झाला की सिद्ध करता येत नाही.

१२. बारा तासांची शिफ्ट आता कायदेशीर झाली का?

सरसकट नाही. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाची मर्यादा १२ तासांपर्यंत आणि दुकानांत ९ वरून १० तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली, तिमाहीतला ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत वाढवला. बातमी ‘बारा तास’ एवढीच पसरली. पण आठवड्याचे ४८ तास हललेले नाहीत. सुरक्षा संहितेत दिवसाचे आठ तास हा मूळ आकडा आहे. त्यापुढचा प्रत्येक तास ओव्हरटाइम, दर दुप्पट, आणि कामगाराची संमती हवी. सात दिवसांत एक सुट्टी द्यायचीच.

मालकांना माझं मनापासून सांगणं आहे, बाराव्या तासाला प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) माणूस बसवू नका. कायद्यात बसेलही, पण त्याचे डोळे आणि हात आठव्या तासासारखे चालत नाहीत.

१३. भरपगारी रजा आणि बोनस यांत काय बदललं?

केंद्राच्या जुन्या कायद्यात रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरतात. दर २० दिवसांच्या कामाला एक दिवस रजा. बोनसचं जुनंच चित्र आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. वीसपेक्षा कमी असतील तर कायद्याची सक्ती नाही, दिवाळीला काय द्यायचं ते तुमचं तुम्ही जाणता.

१४. ठरावीक मुदतीवर माणूस घेतला तर ग्रॅच्युइटी लागत नाही ना?

उलट लवकर लागते. कायम कामगाराला पाच वर्षं भरावी लागतात, मुदतीच्या कामगाराला एक वर्ष भरलं की मिळते. पगार आणि सवलती तेच काम करणाऱ्या कायम माणसाइतक्याच द्यायच्या. अकरा महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि पुन्हा घ्यायचा, हा जुना खेळ वाद झाल्यावर टिकत नाही.

१५. आमचं प्रेस शॉप आहे. सुरक्षेसाठी नक्की काय करायचं? यादी मोठी आहे, पैसा थोडा आहे.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

माझ्या वडिलांचं भोसरीत छोटं प्रेस शॉप होतं. प्रेसवर दोन हातांची बटणं होती. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नसे, म्हणजे हात डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) राहणं शक्यच नव्हतं. एका दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर मोठी आली. डाव्या बटणाला लाकडी पाचर मारून वर बाइंडिंगची तार गुंडाळली, म्हणजे एका हाताने पीस सरकवायचा आणि दुसऱ्याने दाबायचं. दिवसाला काही शे पीस वाढले. चौथ्या दिवशी एका मुलाची दोन बोटं गेली. तो एकोणीस वर्षांचा होता. ती तार मी नंतर सोडवली, तिला तेलाचा आणि रक्ताचा वास येत होता. पाचर कुणी मारली हे विचारायची गरज नव्हती. आम्ही सगळे ती रोज बघत होतो.

म्हणून आधी हे. दोन हातांची बटणं किंवा सेन्सर असेल तर तो बंद करता येणार नाही असा बसवा, चावी स्वतःकडे ठेवा. फूट पेडल असेल तर त्यावर झाकण हवं, वरून काही पडून दबू नये. डाय बदलताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं, आणि रॅमखाली (प्रेसच्या वरून खाली येणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक, म्हणजे आधाराचा ठोकळा, ठेवायचा. बेल्ट, पुली, गिअर यांवर जाळी. पीस काढायला चिमटा किंवा चुंबकाची काठी, ती तर शे-दोनशे रुपयांत येते. मागावर धोटा उडून डोळ्याला लागू नये म्हणून गार्ड.

मग आग. बाहेर पडायची दोन दारं, दोन्ही आतून उघडणारी, आणि कामाच्या वेळी कुलूप नसलेली. चोरीच्या भीतीने मागच्या दाराला लावलेलं कुलूप आगीत कुणीच उघडू शकत नाही. थिनर आणि पेंट शिडीखाली ठेवू नका.

हातमोजे, गॉगल, बूट यांचे पैसे कामगाराच्या पगारातून कापता येत नाहीत. सुरक्षेसाठी जे काही करावं लागतं त्याचा आकार कामगाराकडून घ्यायचा नाही, असं संहितेत स्पष्ट आहे. आणि हातमोजे हा गार्डला पर्याय नाही. फिरत्या ड्रिलवर तर मोजा घालूच नये, तो हात आत ओढतो.

सुरक्षा अधिकारी नेमणं ५०० कामगारांपासून सक्तीचं आहे, धोकादायक कारखान्यात २५० पासून. तुमच्याकडे तो नसणार. म्हणून सकाळी पहिला स्ट्रोक पडायच्या आधी शेडमधून एक फेरी तुम्हालाच मारावी लागेल.

१६. आमचा धंदा धुळीचा आहे. आरोग्य तपासणी करावीच लागेल का?

संहितेत मोफत वार्षिक आरोग्य तपासणी आहे, ४० वर्षांवरच्यांसाठी सरकारने ती जाहीर केली आहे. पण धुळीच्या कामात वय बघत बसू नका. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंगच्या आणि फेटलिंगच्या (ओतीव भाग साफ करण्याच्या) वाळूतून सिलिकोसिस होतो, सुताच्या धुळीतून बायसिनोसिस होतो, दोन्ही फुफ्फुसाचे आजार. दोन्ही कायद्याने मान्य केलेले व्यवसायजन्य आजार आहेत, म्हणजे अपघातासारखीच त्यांचीही भरपाई असते. सिलिकोसिस बरा होत नाही. त्याला टीबी समजून वर्षानुवर्षं चुकीची औषधं घेणारी माणसं आहेत.

छातीचा एक्सरे आणि फुंकर मारून करायची फुफ्फुसाची चाचणी कामावर घेताना एकदा आणि मग दर वर्षी करा, अहवालाची प्रत कामगाराला द्या. धूळ उडण्याच्या जागीच ओढून घेणारा पंखा आणि पाणी मारून ओली केलेली वाळू यांनी जो फरक पडतो, तो तोंडाला बांधलेल्या रुमालाने पडत नाही.

१७. चूक कामगाराची असली तरी भरपाई द्यायची का?

जवळजवळ नेहमीच हो. निष्काळजीपणा हा बचाव नाही. बचाव तीनच आहेत. दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असणं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकणं. आणि हे तिन्हीही मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाहीत. गार्ड तुमच्या डोळ्यांदेखत काढलेला असेल आणि तुम्ही पीस मोजत असाल, तर तिसरा बचावही हातचा गेला.

नवीन म्हणजे घरून कामावर येता-जाता रस्त्यात झालेला अपघातही आता यात येऊ शकतो, फक्त त्याचा कामाशी वेळेचा आणि जागेचा संबंध दिसायला हवा.

ईएसआयसी लागू असेल तर ही भरपाई ती देते. लागू नसेल तर रक्कम तुमच्या खिशातून जाते, म्हणून एमआयडीसीत ज्याला ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ म्हणतात तो विमा घ्या. घेताना माणसांची खरी संख्या आणि खरा पगार लिहा, नाहीतर दावा अडकतो.

१८. अपघात झाला तर पहिल्या तासात काय करायचं?

मशिन बंद, माणूस दवाखान्यात. तुटलेलं बोट असेल तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत हवं.

मग सूचना. मृत्यू झाला किंवा ४८ तास वा जास्त काळ माणूस कामावर येऊ शकणार नाही अशी इजा झाली, तर सुरक्षा यंत्रणेला कळवणं सक्तीचं आहे. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं. ईएसआयसीला अपघाताचा अहवाल पोर्टलवर भरायचा. मशिनचा फोटो काढा आणि ते जसं आहे तसं ठेवा. ‘घरी पडला’ असं दवाखान्यात लिहायला लावू नका. ते लिहिलं की त्या माणसाचा ईएसआयसीचा हक्क अडकतो, आणि नंतर खोटा रेकॉर्ड केल्याचं तुमच्याच गळ्यात येतं.

१९. ईएसआयसी काढायची राहिली आणि अपघात झाला. आता मागची तारीख टाकता येईल?

नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी काढलेला क्रमांक पोर्टलवर वेळेसकट दिसतो. ईएसआयसी कामगाराला लाभ देऊन त्याचं भांडवली मूल्य मालकाकडून वसूल करू शकते, आणि हातापायाच्या इजेत ती रक्कम लहान शेडला पेलवत नाही. हप्ता वेतनाच्या ४ टक्के आहे, मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५. नोंदणी कामाच्या पहिल्या दिवशी करा. प्रेसवरचे अपघात नवख्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच जास्त होतात.

२०. बायकांना रात्रपाळीला ठेवता येतं का?

येतं, त्यांच्या संमतीने. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ आधी काम असेल तर सुरक्षितता आणि वाहतुकीची सोय मालकाची. संमती म्हणजे खरी संमती, ‘नाही म्हणालीस तर कामच नाही’ असं सांगून घेतलेली सही नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही हवी. तो २०१३ चा कायदा वेगळा आहे, संहितांत गेलेला नाही.

२१. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं आहेत. त्यांच्यासाठी वेगळं काही?

दहा किंवा जास्त स्थलांतरित कामगार असतील तर वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचं भाडं एकरकमी द्यायचं. ठेकेदारामार्फत आलेलेच नाही, स्वतःहून आलेलेही आता यात येतात. वेतनमर्यादा १८,००० ची आहे. सुरक्षेच्या सूचना हिंदीतही लावा. वाचता न येणारे असतील तर चित्राने.

२२. माझं फक्त दुकान आहे. संहितेमुळे गुमास्ता (दुकानाची नोंदणी) गेला का?

नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ हा राज्याचा कायदा आहे, तो कायम आहे. त्यात १० ऐवजी २० कामगारांपासून नोंदणी असा बदल राज्याने २०२५ मध्ये आणला, त्याखालच्यांना फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. ती दिल्याची पावती छापून ठेवा, बँक कर्जाला मागते.

तसंच माथाडी कायदा १९६९, कामगार कल्याण निधीची जून-डिसेंबरची वर्गणी आणि व्यवसाय कर हेही जागच्या जागी आहेत. हॉटेलवाल्यांसाठी एक जोड. अ‍ॅपवरून येणाऱ्या डिलिव्हरी बॉयची सामाजिक सुरक्षा वर्गणी त्या कंपनीने भरायची आहे, पण तुम्ही स्वतः ठेवलेला डिलिव्हरीचा मुलगा तुमचा कामगार आहे.

२३. इन्स्पेक्टर आला तर? दंड किती?

वेतन संहितेत पहिल्या चुकीला थेट खटला नाही. आधी लेखी सूचना आणि दुरुस्तीची मुदत द्यावी लागते. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा केली तर ही सवलत नाही. कमी पगार दिला तर ५०,००० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर तीन महिने कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रेकॉर्ड ठेवलं नाही तर १०,००० पर्यंत.

सुरक्षा संहितेतले आकडे वेगळेच आहेत. सर्वसाधारण उल्लंघनाला दोन ते तीन लाख. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर इजेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख. या दंडातली निम्मी किंवा जास्त रक्कम जखमीला किंवा मृताच्या वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. ही भरपाई सोडून वेगळी.

२४. मी कामगार आहे. पत्र नाही, स्लिप नाही, मशिनला गार्ड नाही. बोललो तर काढतील. काय करू?

धोका दिसला तर तो मालकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क तुम्हाला संहितेने दिला आहे, आणि मालकाने लगेच उपाय करायचा आहे. शक्य असेल तर दोघा-तिघांनी मिळून सांगा, आणि नंतर तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. ऐकलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. ती कुणी केली हे निरीक्षकाने मालकाला सांगायचं नसतं.

पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पगार दिला हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर आहे, तुमच्यावर नाही. तरी तुम्ही तिथे काम करत होता हे दाखवायला काहीतरी हातात हवं. रोज आत जाताना गेटवर हजेरीच्या वहीचा किंवा पंचिंग मशिनचा फोटो काढा. पगार रोख मिळत असेल तर त्या दिवशी रक्कम आणि तारीख घरच्या माणसाला मेसेज करून ठेवा. आणि गार्ड बसेपर्यंत त्या डायमध्ये हात घालू नका, चिमटा मागा.